उजेडासाठी कोरा सोडलेला कागद

पांढऱ्या कागदावर मार्करने दिवा रंगवायचा असेल तर पांढरा रंग हातात घ्यायचाच नसतो. मार्करची शाई पारदर्शक असते. एकदा कागदात मुरली की खोडता येत नाही आणि फिकट रंग वर चढवून खालचा गडद रंग झाकताही येत नाही. त्यामुळे दिव्याचा जो भाग सर्वांत लखलखीत दिसायला हवा, तिथला कागद पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. भोवतीची भिंत, टेबल, दिव्याची सावलीतली बाजू, सगळे एकेक थर देत गडद करत जायचे. भोवताल जसजसा काळोखतो तसतसा तो कोरा कागद पेटत जातो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘हाताने घडलेला उजेड’ हा विषय दिला. पणत्या, समया आणि आकाशकंदिलांवर आपल्या दिवाळी अंकांत वर्षानुवर्षे लिहिले गेले आहे. मला त्याआधीचा टप्पा पाहायचा होता. दिव्याची कल्पना कागदावर कशी येते, त्या कागदावरून कारागिराला काय उमगते, आणि कागद व वस्तू यांच्या मधल्या वाटेत काय काय बदलते, हे पाहण्यासाठी सोलापूर निवडले. वस्तू घडण्याआधी तिचे चित्र काढणे हा या शहराचा जुना, रोजचा धंदा आहे. फक्त ते चित्र दिव्याचे नसते, चादरीचे असते.

ग्राफवरचा मोर

सोलापूरची पहिली कापडगिरणी 1877 साली सुरू झाली. गावात तिला आजही जुनी गिरणी म्हणतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग वसवला आणि तिथल्या गल्ल्यांत माग आले. आधी हातमाग, मग यंत्रमाग. सोलापुरी चादर महाराष्ट्रातून अगदी सुरुवातीला जीआय मानांकन मिळवणाऱ्या वस्तूंपैकी आहे. एवढा इतिहास आपल्या विषयाला पुरे. मला तिथे बघायचा होता तो ग्राफ.

चादरीवरचा मोर विणण्याआधी चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. या कागदावरचा एक उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा आणि एक आडवी ओळ म्हणजे बाण्याची फेरी. चौकट रंगवली तर त्या जागी धागा वर येणार, कोरी ठेवली तर खाली राहणार. मोराची मान वळणदार हवी असते, पण ग्राफवर वळण नसतेच. असतात त्या पायऱ्या. कुठे दोन घरे सरकायचे, कुठे एकच, कुठे तीन घरे सरळ खाली यायचे, यावर मान डौलदार होते की मोडल्यासारखी दिसते ते ठरते. एका जुन्या कारखान्यात गुंडाळून ठेवलेला असा ग्राफ पाहिला. लाल रंगाने भरलेली घरे, मधे पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या, कडेला मोजणीच्या आकड्यांची रांग. मानेपाशी खोडून खोडून कागद विरळ झाला होता. ज्याने तो काढला त्याचे नाव मात्र त्यावर कुठेच नव्हते.

ग्राफवरून पुठ्ठ्याची कार्डे पंच होतात. बाण्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. छिद्र असेल तिथे मागावर बसवलेल्या जकार्ड यंत्राची सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला आकडा धागा उचलतो. छिद्र नसेल तिथे सुई अडते आणि धागा जागीच राहतो. जोसेफ मारी जकार या फ्रेंच माणसाने 1804 च्या सुमारास ल्योंमध्ये बसवलेली ही युक्ती. 1839 मध्ये त्याच शहरात जकारचेच चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे 24,000 कार्डे लागली. लांबून ते कोरीव छापचित्र वाटते. सोलापूरचे विणकर नेत्यांची आणि देवादिकांची चित्रे वॉल हँगिंगवर विणतात, ती याच घराण्यातली. आता बऱ्याच ठिकाणी ग्राफचे काम संगणकावर होते आणि नव्या मागांना इलेक्ट्रॉनिक जकार्ड असते. तिथे पुठ्ठ्याचे कार्ड लागत नाही.

आपल्या शाळांतही वस्तूच्या चित्राची ओळख होते, पण अर्धीच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने संकल्पचित्राचा पेपर दिलेला असतो. दिलेल्या आकारात पाने, फुले, पक्षी बसवायचे, पोस्टर कलरने सपाट, कडा न फुटता रंगवायचे. या पेपराने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचा हात वळवला, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या चौकोनातून पुढे काय होणार, ते कापडावर उतरणार की फरशीवर की दिव्याच्या शेडवर, हे तिथे कुणी विचारत नाही. सोलापूरच्या ग्राफला तो प्रश्न टाळता येत नाही. तिथे एक घर चुकले तर चूक कापडावर शेकडो वेळा उमटते.

छिद्रांमधून

दिव्याच्या शेडसाठी आधी मनात चादरच होती. सोलापूरचा दिवा म्हणजे सोलापूरचे कापड, हे सरळ वाटत होते. पण चादर दाट विणीची. तिच्या दोन्ही बाजूंना नक्षी असते, रंग तेवढे उलटसुलट होतात, आणि बल्बसमोर धरली की नक्षी हरवून मंद काळपट पडदा उरतो. चादर अंगावर घ्यायला विणलेली आहे. उजेड गाळायला हवे ते विरळ विणीचे कापड.

त्याच कारखान्यात भिंतीला लागून सुतळीने बांधलेले जुन्या कार्डांचे गठ्ठे होते. तेलाचे डाग, सुताची लव चिकटलेली, कडा मऊ पडलेल्या. एक कार्ड हातात घेतले: हातभर लांब, चार बोटे रुंद, जाड करड्या पुठ्ठ्याचे. झरोक्याकडे धरले आणि गोल छिद्रांच्या ओळी पेटल्या. काही ओळी गच्च भरलेल्या, काही जवळजवळ रिकाम्या, मधेच एखादे छिद्र एकटे. ती कुणी सजावटीसाठी पाडलेली नव्हती. प्रत्येक छिद्र म्हणजे एक उचललेला धागा. दोन कार्डे शेजारी धरली तेव्हा एकातली रांग दुसऱ्यात एक घर सरकलेली दिसली. तो कुठल्यातरी वेलीचा बाक होता. माझ्यापुरता दिवा तिथे ठरला.

कारखान्याच्या मालकांनी फाटलेली काही कार्डे काढून दिली. नक्षीचा पूर्ण संच मोडायचा नाही, एवढीच अट घातली. योग्यच अट आहे. संचातले एक कार्ड गेले की नक्षीची एक फेरी गेली.

अंगठ्याएवढी चित्रे

कल्पना सुचली की मोठे, देखणे चित्र काढायला बसावेसे वाटते. तो मोह आवरावा. आधी अंगठ्याएवढी चित्रे काढायची, एका पानावर मावतील तितकी, पेनने, खोडरबर बाजूला ठेवून. मुंबईच्या आयआयटीत 1969 मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रापासून आजच्या खाजगी डिझाइन महाविद्यालयांपर्यंत सगळीकडे सुरुवात अशीच करतात. चित्र एवढेसे असले की त्यात नक्षी भरता येत नाही, त्यामुळे आकाराचाच विचार करावा लागतो. आणि एका चित्रावर जीव जडत नाही, त्यामुळे ते सोडून पुढचे काढता येते.

माझ्या पानावर कार्डे आधी बांबूच्या पडद्यासारखी उभी लोंबली. मग आडवी एकावर एक आली. मग पारंपरिक कंदिलाच्या चौकोनांत बसली. हा कंदील एक सुंदर भूमिती आहे. कामट्यांचे सहा सारखे चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप उभे राहतात. 24 कामट्या, 12 गाठी, आणि सांगाडा तयार. पण कार्ड लांबट, चौकोनात बसवायचे तर कापावे लागणार आणि छिद्रांच्या ओळी तुटणार. तो आकार सोडला.

शेवटी मदतीला आली ती मागावरची व्यवस्था. जकार्डवर ही कार्डे कडेला कडा लावून दोरीने ओवलेली असतात, माळेसारखी, आणि दोन कार्डांमधला दोरा बिजागरीचे काम करतो. मग वेगळा जोड शोधायचा कशाला? तशीच ओवायची आणि माळेची दोन टोके जुळवून नळकांडे करायचे. कार्डाची रुंदी साडेसहा सेंटिमीटर धरली तर 12 कार्डांचा घेर 78 सेंटिमीटर होतो, म्हणजे व्यास सुमारे 25. मधोमध टांगलेला बल्ब पुठ्ठ्यापासून जवळजवळ 12 सेंटिमीटर दूर राहतो. अंगठ्याएवढ्या चित्राशेजारी हा हिशेब लिहिला, तेव्हा त्या चित्राला वजन आले.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. टांगायचा दिवा खालून दिसतो, म्हणून तो खालूनच काढावा. शाळेत स्थिरचित्रासाठी माठ आणि बादली टेबलावर ठेवून काढायची इतकी सवय झालेली असते की आकाशकंदीलही बहुतेक जण वरून पाहिल्यासारखा काढतात. त्याचे वरचे तोंड उघडे दिसते, बूड दिसत नाही. प्रत्यक्षात गॅलरीत टांगलेल्या कंदिलाचे बूडच आधी दिसते. डोळ्यांच्या पातळीच्या वर असलेल्या नळकांड्याची खालची कड चपटी दिसते आणि वरची कड, आरपार दिसती तर, जास्त गोल. हे एकदा बरोबर आले की चित्रातला दिवा लगेच वर उचलला जातो.

शाई ओली आहे तोवर

पूर्वी वस्तूंची सादरीकरणाची चित्रे पोस्टर कलर, पेस्टल किंवा एअरब्रशने होत. त्यात वेळ जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फेल्टच्या टोकाचे मार्कर आले आणि मोटारीपासून मिक्सरपर्यंत सगळ्या वस्तूंची चित्रे त्यांनी रंगू लागली. कॉपिक हा जपानी मार्कर 1987 पासूनचा. अल्कोहोलची शाई, एका टोकाला छिन्नीसारखे रुंद निब, दुसऱ्या टोकाला बारीक. आज अशा मार्करचे स्वस्त संच मोठ्या स्टेशनरी दुकानांत सहज मिळतात. शाळकरी स्केचपेनने हे काम होत नाही. त्याची शाई पाण्याची असते, दोन पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथे रेघ उमटते आणि तिसऱ्या हाताला कागद सोलपटतो.

मार्करचे सगळे काम शाई ओली असतानाचे आहे. पट्टा ओढला की त्याची कड सुकायच्या आत शेजारचा पट्टा तिला भिडवायचा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. मधे फोन घेतला की कड पक्की झालीच. हात मनगटातून न हलवता खांद्यातून हलवायचा. नळकांडे असेल तर पट्टे उभे, त्याच्या उंचीच्या दिशेने. आणि करडा रंग दोन जातींचा लागतो: उबदार आणि थंड. पिवळसर बल्बच्या दिव्याजवळची भिंत उबदार करड्याने, दूरचा काळोख थंड करड्याने. दोन्हीकडे एकच करडा वापरला तर चित्रात दिवा असतो, पण खोलीत उजेड पडत नाही.

शेड कागदाची किंवा कापडाची असती तर इथवरचे पुरले असते. मधला भाग कोरा, कडेकडे फिकट पिवळा, मग केशरी, मग तपकिरी. पण माझा दिवा छिद्रांचा होता. पुठ्ठा अपारदर्शक, उजेड फक्त ठिपक्यांतून. शेकडो इवलेसे ठिपके कोरे राखत त्यांच्यामधून मार्कर फिरवणे अशक्य आहे. शाई कागदात पसरते आणि ठिपका गिळते. पांढरा न वापरण्याचा नियम इथे संपतो.

अशा वेळी कागदच बदलायचा. खाकी किंवा गडद करड्या कागदावर काढले की कागदाचा रंग हाच पुठ्ठ्याचा रंग होतो, मार्करने फक्त सावली द्यायची, आणि ठिपके सर्वांत शेवटी पांढऱ्या जेल पेनने. ते सगळे सारखे टिपले तर दिवा सपाट दिसतो. समोरच्या कार्डातून बल्ब थेट दिसतो, म्हणून तिथले ठिपके मोठे, पूर्ण गोल, झगझगीत. नळकांडे कडेला वळत जाते तसे ठिपके उभट होतात, जवळ जवळ येतात, आणि पुठ्ठ्याची जाडी उजेड अडवू लागल्याने मंदावतात. अगदी कडेच्या कार्डातले ठिपके काढूच नयेत. शेवटी भिंतीवर पडलेली ठिपक्यांची सांडलोट, कडा पुसट, पांढऱ्या रंगीत पेन्सिलीने. ती काढली तेव्हा त्या खाकी कागदावर संध्याकाळ झाली.

“हात कुठनं घालायचा?”

हे चित्र घेऊन बुरुडकाम करणाऱ्या एका कारागिराकडे, अण्णांकडे, गेले. दारात टोपल्या आणि सुपांची चळत, आत पाण्यात भिजत घातलेल्या कामट्या. अण्णांनी चित्र लांब धरून बराच वेळ पाहिले.

“लई भारी आहे की, ताई. पण बल्ब गेला तर हात कुठनं घालायचा?”

रंगवलेल्या चित्राची मर्यादा या एका प्रश्नात आली. ते चित्र दिवा दिसेल कसा हे सांगते. तो बांधायचा कसा, उघडायचा कसा, वायर कुठून बाहेर काढायची, वजन कशावर पेलायचे, याला दुसरे चित्र लागते. ते अण्णांनीच काढले, माझ्या कागदाच्या पाठीवर, कानामागच्या पेन्सिलीने. दोन कड्या, वर आणि खाली. वरच्या कडीला मधोमध आडवी कामटी, तिच्यावर होल्डर. कार्डांची माळ वरच्या कडीला कायमची बांधायची. खालची कडी नुसतीच अडकवलेली, ओढली की निघते, म्हणजे खालून हात घालून बल्ब बदलता येतो. खालची कडी थोडी जड ठेवायची, म्हणजे माळ वाऱ्याने फिरत नाही आणि ताणलेली राहते.

त्यांच्या रेषेत एक गोष्ट माझ्या चित्रात नव्हती. कडीची कामटी त्यांनी दोन रेघांनी काढली, बाहेरची ठळक, आतली पुसट. बांबूची हिरवी साल ही त्याची पाठ, आतला मऊ भाग पोट. वाकवताना पाठ बाहेर ठेवायची, पोट आत. उलटे केले तर कामटी चिरते. हे लिहून सांगायची त्यांना गरज वाटली नाही. रेघेच्या जाडीतच ते होते.

कारागीर चित्र काढत नाहीत, ते ‘हातानेच’ विचार करतात, असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. मला ते पटत नाही. कारागीर काढतात. जमिनीवर खडूने, कागदाच्या पाठीवर, तळहातावर बोटाने. आपण ती चित्रे सांभाळत नाही, एवढेच.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचे जे वैभव आहे ते पाहताना हेच जाणवते. केळकरांनी 1961 मध्ये भारतातल्या दिव्यांवर पुस्तकही लिहिले. साखळीवर हत्ती, मोर आणि पोपट बसवलेले लामणदिवे, हातात दिवा धरलेल्या दीपलक्ष्मी. ओतकामात आधी मेणाचा नमुना घडवायचा, त्यावर माती लिंपायची, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. कारागिराची कल्पना त्या मेणात होती आणि ती दर वेळी वाहून गेली. दिवा उरला, घडवणाऱ्याचे नाव आणि रेखाटन उरले नाही. मोराच्या ग्राफवर नाव नव्हते, ते याच परंपरेतले.

गिफूत काय झाले

बाहेरून आलेले रेखाटन आणि कारागिरांची पद्धत एकत्र आल्याचे एक उदाहरण जपानमध्ये आहे. गिफू हे तिथले कागदी कंदिलांचे गाव. 1951 मध्ये इसामू नोगुची हा जपानी-अमेरिकन शिल्पकार तिथे नदीवरची मासेमारी पाहायला थांबला. कंदिलांचा धंदा उतरणीला लागला होता, आणि महापौरांनी त्याला काही नवे सुचवायला सांगितले. त्याने आकार रेखाटले आणि मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा कल्पिला. बांबूच्या बारीक पट्ट्या आणि तुतीच्या सालीचा कागद मात्र कारागिरांचाच ठेवला. ‘अकारी’ नावाने ते दिवे जगभर गेले. ते घडीने चपटे होतात, म्हणून लांब पाठवता येतात. पण ही घडी नोगुचीची नाही, गिफूच्या जुन्या कंदिलांतच होती.

सोलापूरला पाहुण्या शिल्पकाराची वाट पाहायचे कारण नाही. ग्राफ काढणारे हात इथे आहेत, ओवणारे आहेत, कामटी वाकवणारे आहेत. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन नावारूपाला येण्याआधी लहान मुलांचे फर्निचर आणि खेळणी डिझाइन करत होते. याच जिल्ह्याच्या मातीतला तो हात. उणीव आहे ती या सगळ्यांनी एका कागदाभोवती बसण्याची. कार्डे ज्याने पंच केली, कडी ज्याने वाकवली, त्यांना दिव्याच्या चित्रात बोलावणे गेलेले नसते. चित्र बाहेरून तयार होऊन येते आणि हातांना फक्त मजुरी मिळते. अण्णांनी माझ्या कागदाच्या पाठीवर जे काढले ते पुढच्या बाजूइतकेच डिझाइन होते, आणि दिवा विकला जाईल तेव्हा किमतीत त्याचा वाटा धरायला हवा.

कारखानदारांना एक विनंती आहे. संगणक आल्यावर अडगळीत गेलेले ग्राफ रद्दीत घालू नका. काढणाऱ्याचे नाव कुणाला आठवत असेल तर ते आजच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मोडलेल्या संचांची कार्डे जवळच्या शाळेच्या चित्रकला शिक्षकांना द्या.

आणि यंदा कंदील घरी करणार असाल तर आधी पानभर छोटी चित्रे काढा, मग मोठे चित्र, मग त्याच्या पाठीवर जोड आणि मापे. जो बांधून देणार असेल त्याच्या हातात पेन्सिल द्या. आत बल्ब एलईडीचाच लावा. जुन्या 60 वॅटच्या तारेच्या बल्बने पुठ्ठा तापून करपू शकतो, कार्डांवर सुताची लव असेल तर पेटही घेऊ शकतो. पिवळसर उजेडाचा नऊ वॅटचा एलईडी पुरतो. कार्डे ओवण्याआधी कोरड्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसून घ्या.